लोण्याशेजारचा डबा

परदेशात आल्यावर मी पहिल्यांदा जे लोणी घरी आणलं, ते लोणी नव्हतंच, लोण्यासारखं दिसणारं मार्जरीन होतं. डब्यावर सूर्यफुलाचं चित्र होतं, तेव्हाच खटकायला हवं होतं. हौसेनं कढवायला ठेवलं, तर तडतड करून पाणी उडालं आणि पातेल्यात उरलं तेल. ना बेरी, ना तो वास.

तेव्हा आधी एवढं लक्षात घ्या: लोणी दुधातल्या स्निग्धांशाचं, मार्जरीन बहुधा वनस्पती तेलांचं. १८६९ मध्ये फ्रान्समध्ये मेज-मूरिएस या रसायनतज्ज्ञांनी स्वस्त पर्याय म्हणून ते बनवलं, तेव्हा मात्र त्यात गोवंशाची चरबी होती. शाकाहारी असाल तर ही जुनी गोष्ट विसरू नका. बेकरीसाठीच्या काही प्रकारांत अजूनही प्राण्यांची चरबी असते, कमी स्निग्धांशाच्या काही डब्यांत जिलेटिन, तेही प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं. दूध चालत नसेल तर घटकांत ताकाची किंवा दुधाची पावडर आहे का, तेही पाहा.

दुसरं म्हणजे टक्केवारी. पुष्कळ देशांत मार्जरीन म्हणवून घ्यायला साधारण ८० टक्के स्निग्धांश लागतो, म्हणजे जवळपास लोण्याइतकाच. त्यामुळे उष्मांकही तेवढेच! हलकं समजून दुप्पट फासू नका. शेजारचे मऊ ‘स्प्रेड’ ४० टक्क्यांचेही असतात, उरलेलं मुख्यतः पाणी. पावाला ठीक, पण तव्यावर तडतडतं आणि केकमध्ये लोण्याऐवजी तेवढंच घातलंत तर केक बिघडतो. भाजायच्या कामाला मार्जरीनचीच कागदात गुंडाळलेली घट्ट वडी घ्या. बिस्किटं खुसखुशीत होतील. लोण्याची चव मात्र येणार नाही.

घटकांत ‘पार्शली हायड्रोजनेटेड’, म्हणजे हायड्रोजन घालून अर्धवट घट्ट केलेलं तेल, दिसलं की डबा जागेवर ठेवा. तो ट्रान्स फॅटचा, म्हणजे तेल असं घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीचा मामला, हृदयाला वाईट. अनेक देशांनी त्यावर बंदी किंवा मर्यादा घातली आहे. मऊ मार्जरीनमध्ये संतृप्त चरबी लोण्यापेक्षा बरीच कमी असते, खरा फायदा तोच.

माझ्याकडे रोज सकाळी डबाच निघतो. फ्रिजमधून काढल्या काढल्या पावावर पसरतो, पाव फाटत नाही. कामावर जायच्या घाईत हे फार मोठं सुख आहे. लोण्याची वडी वेगळी ठेवते, जिथे चव लोण्याचीच हवी तिथे. आणि हो, कमी स्निग्धांशाचा डबा फ्रीझरमध्ये साठवू नका. वितळला की पाणी सुटतं.