मोटरचे पडदे आणि खोटा सायरन

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पश्चिमेची खिडकी असेल, तर दुपारी चारपर्यंत पडदा चांगलाच तापतो. ठरलेल्या वेळी मोटर तो सरकवते आणि घरात कुणी नसताना चोरांसाठी लावलेल्या अलार्मचा सायरन वाजतो. आमच्याकडे तसंच झालं. शेजारच्या काकू बिचाऱ्या घाबरून धावत आल्या.

अलार्मचा साधा पीआयआर सेन्सर, म्हणजे खोलीतली हालचाल ओळखणारं उपकरण, उष्णतेतला बदल टिपतो. तापलेलं कापड त्याच्यासमोरून आडवं सरकलं की तो फसतो. म्हणून सेन्सर खिडकीसमोरच्या भिंतीवर नको. खिडकीच्याच भिंतीच्या कोपऱ्यात, तोंड खोलीच्या आत करून, साधारण 2 ते 2.4 मीटर उंचीवर लावा. फक्त पडदा उघडल्यावर ज्या बाजूला गोळा होतो, तो कोपरा टाळा.

जागा बदलता येत नसेल, तर सेन्सरच्या लेन्सचा पडद्याकडचा भाग अपारदर्शक पट्टीने झाका. मग स्वतः खोलीभर चालून बघा, कारण पट्टी जास्त झाली तर चोरही दिसणार नाही. पडदा सरकत असताना आणि नंतर अर्धा मिनिट तेवढाच सेन्सर गप्प राहील असा नियम अलार्मच्या ॲपमध्ये करता आला तर उत्तम. दाराचा सेन्सर मात्र चालूच ठेवा.

पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (रडारसारख्या लहरींनी हालचाल टिपणारा भाग) दोन्ही असलेला सेन्सर एरवी भरवशाचा, पण तापलेला पडदा हलला की दोन्ही एकदम फसू शकतात. आणि बाहेर पडताना खिडकी लावून घ्या, खाडीकडचा वाराही पडदा हलवतो.