आपण खरंच श्रीमंत आहोत का, हे कसं काढायचं

पगार दीड लाख म्हणजे माणूस श्रीमंत असं नसतं हो, पगार ही आवक झाली, मालमत्ता वेगळी. एक वही घ्या आणि मधे रेघ मारा.

डावीकडे जे तुमचं आहे ते: एफडी, पीएफ, पीपीएफ, म्युच्युअल फंड, सोनं, घर. सोनं लिहिताना घडणावळ सोडून द्या, मोडायला गेलं की ती परत मिळत नाही. विमा पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे ती आज मोडली तर हातात येईल ती रक्कम लिहा, कागदावरचा मोठा आकडा नको (इथेच बहुतेकांचा चेहरा पडतो). गावची जमीन असेल तर आधी सातबारा काढून बघा, चार चुलतभावांची नावं असतील तर सगळी आपली म्हणून मांडू नका.

उजवीकडे कर्जं. फ्लॅट ८० लाखांचा पण बँकेचे ५५ लाख बाकी, म्हणजे तुमचे २५च, आणि वर त्यात स्वतः राहताय म्हणजे भाडंही येत नाही. क्रेडिट कार्ड, कारच्या कर्जाची बाकी, मेव्हण्याकडून घेतलेले उसने, सगळं लिहा. डावीकडच्या बेरजेतून उजवीकडची वजा केली की नेटवर्थ, म्हणजे खरंच तुमचं उरतं ते.

आता दुसरं पान. नोकरी उद्या सुटली तरी व्याज, भाडं, डिव्हिडंड मिळून महिन्याला किती येतील? १० लाखांच्या एफडीला ७ टक्के धरले तर वर्षाला ७० हजार, महिन्याला ५,८०० च्या आसपास, त्यावर टॅक्स वेगळा. शेजारी महिन्याच्या घरखर्चाचा आकडा लिहा, ही आवक त्याला पुरते का ते बघा आणि दोन्ही आकडे बायकोला किंवा नवऱ्याला दाखवा, कारण गॅसपासून क्लासच्या फीपर्यंत आपण विसरलेलं त्यांना बरोबर आठवतं.