आईची साठी प्रागमध्ये: निघण्याआधी काय काय बघायचं

आधी एक ठरवून टाका, वाढदिवस सुरू कधी होतो? उन्हाळ्यात प्राग आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. पुण्यात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिथे आदल्या संध्याकाळचे साडेआठ. आईच्या साठीला आम्ही हा हिशोबच केला नव्हता. जेवायला बसलो, सूप समोर आलं आणि मावशीचा फोन. मग काका, मग भिशीच्या सगळ्या जणी एकामागून एक. आईने सूपला चमचासुद्धा लावला नाही. म्हणून आदल्या दिवशीचं जेवण सातलाच उरका, फोन चार्ज करा आणि साडेआठला जुन्या शहराच्या चौकात ओरलोय या घड्याळासमोर उभे राहा. फोन काय घ्यायचे ते तिथेच घ्या.

ओरलोय म्हणजे 1410 सालचं खगोलीय घड्याळ. दर तासाला, सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत, वरच्या खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांचे पुतळे फिरून जातात, बाजूचा सांगाडा घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो. सगळा खेळ मिनिटभराचा. त्या वेळी सगळ्यांच्या माना वर असतात, त्यामुळे पर्स पोटाशी धरा. मला मात्र खेळापेक्षा तबकडीच आवडली. तिच्या बाहेरच्या कड्यावर जुना बोहेमियन वेळ दिसतो आणि तो मोजतात सूर्यास्तापासून. म्हणजे त्या घड्याळाच्या हिशोबानेही नवा दिवस आदल्या संध्याकाळीच लागतो; मावशी फारशी चुकली नव्हती. खाली दुसरी, दिनदर्शिकेची तबकडी आहे. ती रोज एक घर सरकते आणि वरचा छोटा काटा त्या दिवसाची तारीख दाखवतो. वाढदिवसाच्या सकाळी पुन्हा येऊन त्याचा फोटो घ्या. लांबून अक्षरं दिसत नाहीत, झूम लागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात पंधरा दिवसांवर विसंबू नका. विमा किमान 30,000 युरोचा हवा. चलन युरो नाही, कोरुना. एटीएम रुपयांत रक्कम दाखवून ‘चालेल का’ विचारतं, तिथे नाही म्हणा. चलन बदलून देणाऱ्या दुकानात फसल्यासारखं वाटलं तर पावती सांभाळा. 1,000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो.

आता औक्षण. हळद-कुंकवाची डबी, अक्षता, सुपारी आणि छोटं ताम्हन चेक-इनच्या बॅगेत. निरांजन न्या, पण हॉटेलच्या खोलीत लावू नका. छतावर धुराचा सेन्सर असतो आणि आईच्या साठीला अग्निशमन दलाला आमंत्रण नको. आम्ही बॅटरीचा दिवा नेला होता. आईने नाक मुरडलं, पण ओवाळून घेतलं. पेढे-बर्फी घरीच ठेवा, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत. शेंगदाण्याची चिक्की चालते.

केकसाठी ‘त्सुक्रार्ना’ अशी पाटी शोधा, म्हणजे मिठाईचं दुकान. ‘मेदोव्हनिक’ हा मधाचा थरांचा केक मागा. अंडं चालत नसेल तर आधी विचारा. रस्त्यावर धुराड्यासारखा गुंडाळलेला ‘त्रदेलनिक’ जुना चेक पदार्थ म्हणून विकतात. ते काही खरं नाही, पण गरम असेपर्यंत चांगला लागतो. शाकाहारींनी ‘बेझ मासा’ हे दोन शब्द पाठ करावेत. अर्थ ‘मांसाशिवाय’, आपल्या माशाशी संबंध नाही. आई मात्र शेवटपर्यंत वेटरला ‘मासासुद्धा नको हो’ असंच समजावत होती. तळलेल्या चीजचा ‘स्माझेनी सीर’ जवळपास सगळीकडे मिळतो.

चप्पल-बुटांवर कंजुषी नको. सगळीकडे दगडी फरसबंदी, नव्या सँडलने घात होतो. प्रागच्या किल्ल्यावर चढून जाऊ नका. 22 नंबरची ट्राम वर सोडते, मग सेंट व्हिटस कॅथेड्रल बघून उतरत या. 1344 साली सुरू झालेलं ते बांधकाम 1929 मध्ये संपलं, हे ऐकून आईला आमच्या सोसायटीची लिफ्ट आठवली. ट्रामचं कागदी तिकीट चढल्यावर पिवळ्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर ते असून नसल्यासारखं.

शेवटचं, साडीतला फोटो. चार्ल्स पूल 516 मीटर लांब, दोन्ही बाजूंना मिळून तीस पुतळे, आणि सकाळी नऊनंतर पाऊल ठेवायला जागा नाही. जूनमध्ये पाचलाच उजाडतं, तेव्हाच जा. व्लतावा नदीवरून वारा सुटलेला असतो. पदराला दोन सेफ्टी पिना जास्त लावा आणि वर स्वेटर घ्या, फोटोपुरता काढता येतो.