‘ॲडिशनल पेड-इन कॅपिटल’ची ओळ कशी वाचावी

ताळेबंद वाचायला लागलो तेव्हा मी पहिल्यांदा फसलो तो याच ओळीवर. कंपनी तोट्यात होती, पण ‘ॲडिशनल पेड-इन कॅपिटल’, म्हणजे शेअर विकताना दर्शनी किमतीच्या वर मिळालेली रक्कम, भलंमोठं. मला वाटलं, एवढी शिल्लक आहे म्हणजे चिंता नाही. ते पैसे पगारात आणि जाहिरातीत केव्हाच संपले होते. ही ओळ भागभांडवलाच्या बाजूची. पैसा आला कुठून, एवढंच ती सांगते. उरलाय किती, ते मालमत्तेच्या बाजूला रोख रकमेत बघायचं.

आकडा कसा तयार होतो ते कागदावर एकदा मांडून बघा. कंपनीने १० लाख नवे शेअर २० डॉलरना विकले, दर्शनी किंमत ०.०१ डॉलर. रोख आली २ कोटी. त्यातले फक्त १०,००० डॉलर ‘कॉमन स्टॉक’मध्ये जातात, उरलेले १,९९,९०,००० या ओळीत. शेअर विकायला झालेला खर्च इथूनच वजा होतो. पुढे तोच शेअर बाजारात २० चा ८० झाला तरी ही ओळ जागची हलत नाही, कारण ती देवाणघेवाण दोन गुंतवणूकदारांमधली. कंपनीला त्यातला छदामही मिळत नाही.

दर्शनी किंमत हल्ली नावापुरतीच असते. ॲपलची ०.००००१ डॉलर आहे, आणि ते दोन्ही रकमा एकाच ओळीत दाखवतात. कोका-कोलाच्या ताळेबंदात तर हे नाव शोधून सापडणार नाही. तिथे ‘कॅपिटल सरप्लस’ लिहिलेलं असतं.

नवख्यांना मी हाच ताळेबंद उघडायला लावतो. जारी शेअर ७०४ कोटी, दर्शनी किंमत ०.२५ डॉलर. गुणाकार करा: १७६ कोटी डॉलर. कॉमन स्टॉकची ओळ तंतोतंत जुळते. आता खालची ओळ बघा. जारी शेअर गेली काही वर्षं तेवढेच आहेत, तरी कॅपिटल सरप्लस मात्र वर्षागणिक वाढलाय. कसा काय?

उत्तर ताळेबंदात नाही. टेन-के अहवालात, म्हणजे अमेरिकी कंपन्यांच्या वार्षिक अहवालात, पुढे भागधारकांच्या इक्विटीचं विवरण असतं, ते काढा. कर्मचाऱ्यांना मोबदला म्हणून शेअर किंवा ऑप्शन (ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क) दिले की नफातोटा पत्रकात खर्च पडतो आणि तेवढीच रक्कम इथे जमा होते. रोख एक पैसाही आलेली नसते! म्हणून ‘पेड-इन’ या नावावर माझा राग आहे. याशिवाय कंपनीने पूर्वी परत विकत घेतलेले शेअर कर्मचाऱ्यांना दिले, तर त्याचीही नोंद इथे उमटते.

बायबॅकचा, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याचा, हिशोब मात्र सगळीकडे सारखा नसतो. कोणी ‘ट्रेझरी स्टॉक’ अशी वेगळी वजा ओळ ठेवतात, कोणी शेअर रद्द करून याच रकमेतून किंवा साठलेल्या नफ्यातून वळते करतात. त्यामुळे दोन कंपन्यांचे हे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात मला अर्थ वाटत नाही.

कंपनी नवी आणि तोट्यात असेल तर शेजारची ‘ॲक्युम्युलेटेड डेफिसिट’ची, म्हणजे आजवर साठलेल्या तोट्याची, ओळही वाचा. इथे ३० कोटी आणि तिथे उणे २६ कोटी असतील, तर भागधारकांनी घातलेल्यातले जेमतेम ४ कोटी पुस्तकात उरलेत. मी तेव्हा ती एक ओळ खाली वाचलीच नव्हती.