जरी आलं म्हणून तरी आणू नका, ऑलदो आणि बटचा घोळ

'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू स्कूल.' शिकवणीच्या वह्यांमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा बघितलंय, आणि यात मुलांचा खरंच दोष नाहीये, आपण लहानपणापासून 'जरी पाऊस पडत होता तरी आम्ही शाळेत गेलो' असंच बोलतो, जरी म्हटलं की तरी तोंडातून आपोआप येतंच. इंग्लिशमध्ये मात्र दोन भाग जोडायला एकच शब्द पुरतो. ऑलदो ठेवलं तर बट खोडा, बट हवं असेल तर ऑलदो खोडा.

ऑलदो इट वॉज रेनिंग, वी वेंट टू स्कूल.
इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू स्कूल.

दोन्ही बरोबर. वाक्य लिहून झालं की त्यातले जोडणारे शब्द बोटाने मोजा, ऑलदो आणि बट दोन्ही निघाले तर एक काढून टाका. आठवडाभर एवढंच केलं तरी वहीत फरक दिसतो.

आणि हो, बटच्या नंतर जे येतं त्याचंच वजन जास्त पडतं. 'इट इज गुड बट एक्स्पेन्सिव' म्हणणारा बहुतेक घेणार नाही, 'इट इज एक्स्पेन्सिव बट गुड' म्हणणारा घेईल, मराठीत 'चांगलं आहे पण महाग आहे' चं होतं ना, अगदी तसंच.

आता डिस्पाइट, म्हणजे आपलं 'असूनही'. याच्यापुढे अख्खं वाक्य लावायचं नाही, नुसतं नाम किंवा आयएनजीवालं रूप: डिस्पाइट द रेन, डिस्पाइट बीइंग टायर्ड. 'डिस्पाइट ऑफ' लिहू नका प्लीज, ऑफ फक्त 'इन स्पाइट ऑफ' मध्ये येतो.

हाउएव्हर म्हणजे आपलं 'मात्र', पण त्याला बटसारखं नुसता स्वल्पविराम देऊन दोन वाक्यांच्या मधे घालता येत नाही, आधी फुलस्टॉप किंवा सेमीकोलन द्या, नंतर कॉमा. 'आय वॉज टायर्ड. हाउएव्हर, आय फिनिश्ड द वर्क.' पेपरात, अर्जात छान दिसतं, गप्पांमध्ये जड वाटतं.

गप्पांसाठी दो (though) आहे ना! आपण नाही का म्हणत, 'साडी छान आहे, महाग आहे पण', तो शेवटचा पण म्हणजेच हा दो: 'इट्स नाइस. इट्स एक्स्पेन्सिव, दो.' इथे दोच्या जागी बट टाकलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत बसतो.