बटण लपवलं म्हणजे परवानगी काढली असं नाही

वेबसाइटवर कुणाला काय करता येईल हे ठरवायचं, म्हणजे परवानग्यांचं काम हाती आलं की नवी मुलं आधी बटणं लपवायला घेतात. क्लार्कला ‘डिलीट’ दिसायला नको, मग टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) एक इफ टाकला की झालं. पण ज्याला डिलीटचा पत्ता (यूआरएल) ठाऊक आहे, त्याला बटण कशाला लागतं? तपासणी सर्व्हरवरच व्हायला हवी आणि प्रत्येक रिक्वेस्टला व्हायला हवी.

मी जँगोवर (वेबसाइट बांधायच्या पायथनमधल्या फ्रेमवर्कवर) काम करतो, म्हणून त्यातलंच सांगतो. जँगो प्रत्येक मॉडेलसाठी (म्हणजे गुणपत्रकासारख्या नोंदींच्या प्रत्येक प्रकारासाठी) ॲड, चेंज, डिलीट आणि व्ह्यू अशा चार परवानग्या आपोआप तयार करतं. (व्ह्यू २०१८ मध्ये २.१ आवृत्तीत आली.) त्या एकेका माणसाला वाटत बसू नका. ‘लेखा’, ‘परीक्षा विभाग’ असे ग्रुप करा, परवानग्या ग्रुपला द्या आणि माणसाला ग्रुपमध्ये टाका. सुट्या परवानग्या वाटल्या की काही काळाने कुणाला काय दिलंय आणि का दिलंय, ते कुणालाच सांगता येत नाही.

संस्थेचे मोठे साहेब ‘सगळे अधिकार द्या’ म्हणतात, तेव्हा सुपरयूजर देऊन मोकळे होऊ नका. सुपरयूजरच्या बाबतीत जँगो परवानगी तपासतच नाही, थेट हो म्हणतं. साहेबांना बहुतेक वेळा फक्त सगळं बघायचं असतं. त्याला व्ह्यू पुरते. नोकरी सोडून गेलेल्याचं खातंही डिलीट करू नका, ॲक्टिव्हची टिक काढा. खात्याबरोबर त्याने केलेल्या नोंदीही उडू शकतात.

खरी गोम पुढे आहे. समजा, शिक्षकाला गुणपत्रकाची चेंज परवानगी दिली. ती सगळ्याच गुणपत्रकांना लागू होते. त्याने पत्त्यातल्या ४१२ चं ४१३ केलं की दुसऱ्या तुकडीचे गुण समोर उघडे, आणि बदलताही येतात! कुणाचं गुणपत्रक आहे, हे जँगोची नेहमीची व्यवस्था बघत नाही. ते आपणच बघायचं. मी क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसमधून नोंदी मागवतानाच, गाळणी लावतो: लॉगिन केलेल्या शिक्षकाचीच गुणपत्रकं आणायची. मग परक्या नंबरला सरळ ४०४ (‘सापडलं नाही’) मिळतो, आणि तसं गुणपत्रक आहे की नाही हेही कळत नाही. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या मोठ्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत अशा त्रुटी पहिल्या क्रमांकावर आहेत, २०१७ मध्ये पाचव्या होत्या. मुलांच्या गुणांचा प्रश्न असतो तेव्हा हे काम ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

टेस्टही उलट्या बाजूने लिहा. शिक्षक स्वतःचं पान उघडू शकतो, हे कुणीही तपासतं. दुसऱ्याचं उघडू शकत नाही, ही टेस्ट आधी हवी.

आणि एक बारीक गोष्ट. परमिशन-रिक्वायर्ड डेकोरेटर (पान उघडण्याआधी परवानगी तपासणारी, फंक्शनच्या वर लिहायची ओळ) नुसता लावला, तर परवानगी नसलेला माणूस लॉगिन केलेला असूनही पुन्हा लॉगिनच्या पानावर जातो. त्याला वाटतं पासवर्ड चुकतोय, आणि तो फोन करत राहतो. त्या डेकोरेटरमध्ये रेझ-एक्सेप्शन ट्रू करा, म्हणजे त्याला स्पष्ट ४०३ (‘परवानगी नाही’) दिसेल. त्या ४०३ च्या पानावर परवानगी कुणाकडे मागायची, तेही मराठीत लिहा.