लिनक्सवर सीडी रिप करताय? आधी या चुका टाळा

भावगीतं, नाट्यगीतं, अभंग, शास्त्रीय, असा सीड्यांचा ढीग बहुतेक मराठी घरांत कुठल्यातरी कपाटात पडलेला असतो आणि वाजवायला धड प्लेअर उरलेला नसतो, मग कधीतरी सुट्टीत माणूस जोर करून ते सगळं कॉम्प्युटरवर घ्यायला बसतो. लिनक्सवर हे काम फुकटात आणि झकास होतं. पण गाणी उतरवून घेणं, म्हणजे रिप करणं, हा त्यातला सोपा भाग, खरी मारामारी नावांची आहे, आणि सीड्या मराठी असतील तर जास्तच, कारण नेटवरून सगळं आयतं येईल म्हणून बसलात तर फोल्डरभर 'ट्रॅक 01, ट्रॅक 02' हाती लागतं.

सगळ्यात आधी सीडी कसली आहे ते तरी बघा. बरेच जण ऑडिओ सीडी माउंट करायला, म्हणजे पेनड्राइव्हसारखी उघडायला, जातात, समोर 'राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक' येतं आणि लोकांना वाटतं सीडी गेली. गेलेली नसते हो. ऑडिओ सीडीवर फाइलसिस्टिमच, म्हणजे फाइलींची मांडणीच, नसते, नुसता आवाजाचा डेटा असतो, सेकंदाला 75 सेक्टर आणि प्रत्येक सेक्टर 2352 बाइटचा, त्यामुळे माउंट करायला तिथे काही नाहीच, थेट रिपिंगचा प्रोग्रॅम उघडायचा. उलट ज्या सीडीवर पन्नास-शंभर गाणी असतात ती एमपी3 सीडी, म्हणजे साधी डेटा डिस्क, ती रिप करायची भानगडच नाही, फाइली कॉपी करा आणि मोकळे व्हा. नाटकांच्या व्हीसीडीचं (व्हिडिओ सीडीचं) प्रकरण वेगळंच, तिथे डॅट फाइल कॉपी करताना मध्येच एरर येते कारण व्हिडिओचे सेक्टर वेगळ्या प्रकारचे असतात, त्यासाठी व्हीसीडीइमेजरमधलं व्हीसीडीएक्सरिप वापरावं लागतं.

प्रोग्रॅम कुठला हा वाद घालण्यात वेळ घालवू नका. माउसवाल्यांना साउंड ज्युसर किंवा असंडर, टर्मिनलवाल्यांना एबीसीडीई (abcde), आणि फारच काटेकोर असाल तर व्हिपर. आतून यातले बहुतेक सीडीपॅरानोयाच, म्हणजे चुकलेला भाग पुन्हा पुन्हा वाचणारा प्रोग्रॅम, वापरतात.

थेट एमपी3 करणं ही मात्र मोठी चूक. जागा वाचते म्हणून लोक 128 केबीपीएसला सगळा संग्रह उतरवून काढतात आणि पुढे चांगले हेडफोन घेतले की परत पहिल्या सीडीपासून सुरुवात. फ्लॅक या फॉरमॅटमध्ये काढा, सीडीवर जे आहे ते जसंच्या तसं राहतं, आणि एका सीडीला साधारण 250 ते 400 एमबी लागतात, आजच्या हार्डडिस्कच्या मानाने ते काहीच नाही. मोबाइलसाठी त्यातूनच ओपससारखं छोटं फॉरमॅट किंवा एमपी3 कधीही करता येतं. उलटं करू नका, एमपी3चं फ्लॅक करणं म्हणजे ताकाचं परत दूध करायला निघणं. शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी अजून एक कारण आहे, बडा ख्याल एका ट्रॅकवर आणि छोटा ख्याल पुढच्यावर असतो आणि मध्ये गाणं थांबलेलं नसतं, एमपी3 केलं की जोडावर बारीक खंड पडू शकतो, फ्लॅकमध्ये ती कटकट नाही. आणि ट्रॅकच्या आधीची शांतता कापायचे ऑप्शन बंद ठेवा, आलापाची हळू सुरुवात त्यात जाते. आवाज कमीजास्त वाटत असेल तर रिप्लेगेन टॅग (प्लेअरला आवाज किती ठेवायचा हे सांगणारी फाइलमधली नोंद) लावा, त्याने मूळ आवाजाला हात लागत नाही.

आता रिप अडकणं. प्रोग्रॅम एकाच ट्रॅकवर तासभर घुटमळतो, मग कुणीतरी सांगतं की पॅरानोया बंद कर, भराभर होईल. होतं भराभर, पण कट्‌कट् आवाजासकट. आधी सीडी मऊ सुती कापडाने पुसा, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा डेटाच्या रेषेतच पडतो आणि तो वाचताना ड्राइव्हला जास्त जड जातो. खालच्या बाजूला 1.2 मिलीमीटर प्लास्टिक असतं, तिथला ओरखडा पॉलिशने सुधारू शकतो, पण चमकता थर वरच्या छापील बाजूला लागूनच असतो, तिथे खरवडलं गेलं असेल तर डेटाच गेला. सीडी उजेडासमोर धरा, आरपार बारीक ठिपके दिसले तर कळून जातं.

कधी सीडी चांगलीच असते आणि गडबड ड्राइव्हची असते. यूएसबीवाला ड्राइव्ह स्वस्तातल्या हबला लावला तर पुरेशी वीज मिळत नाही, मध्येच डिस्कनेक्ट होतो आणि एरर मात्र सीडीच्या नावाने येते. टर्मिनलमध्ये सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी डीमेसेज (dmesg) कमांड चालवून बघा, तिथे यूएसबी डिस्कनेक्ट दिसलं तर केबल थेट कॉम्प्युटरला लावा. ड्राइव्ह बिझी म्हणत असेल तर बहुतेक वेळा डेस्कटॉपने आपणहून प्लेअर उघडलेला असतो, ते ऑटोप्ले बंद करून टाका.

रिप नीट झालं का हे कसं कळणार? ॲक्युरेटरिप नावाच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये दुसऱ्यांच्या रिपशी पडताळणी होते, पण मराठी सीड्या तिथे सापडतीलच असं नाही. मग सोपा उपाय, शंका असलेली सीडी त्याच ड्राइव्हवर दोनदा रिप करा आणि दोन्हीचे एमडी5, म्हणजे डेटावरून काढलेले ओळख-कोड, जुळवा. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी5 साठवलेलाच असतो, मेटाफ्लॅक ही कमांड तो दाखवते, टॅग वेगळे असले तरी फरक पडत नाही.

नावांकडे येऊ. जुन्या ट्युटोरियलमधून उचललेल्या सेटिंगमध्ये अजून फ्रीडीबी या सीड्यांच्या नावांच्या ऑनलाइन यादीचा पत्ता असतो, ती सेवा 2020 मध्येच बंद झाली, तेव्हा एबीसीडीईच्या कॉन्फिगमध्ये तशीच दुसरी यादी, म्युझिकब्रेन्झ, टाका. तिथे सीडी सापडली नाही तर पिकार्ड या टॅग भरायच्या प्रोग्रॅममध्ये 'स्कॅन' दाबून मोकळं व्हायचा मोह होतो, तो आवरा. स्कॅन आवाजावरून गाणं ओळखतं, आणि आपल्याकडे एकच गाणं कितीतरी कलेक्शनांत असतं, त्यामुळे तुमच्या एका सीडीची आठ गाणी सहा वेगळ्या अल्बमांत विखुरली जातात, त्यात फाइली हलवायचा ऑप्शन चालू असेल तर शोधत बसा. सीडी ड्राइव्हमध्ये ठेवून 'लुकअप सीडी' करा, नसेल तर कव्हर समोर धरून हाताने टाइप करा. जमलं तर ते म्युझिकब्रेन्झवर भरा म्हणजे पुढच्याचे कष्ट वाचतील. आणि कलाकारांची नावं आपोआप इंग्रजीत होत असतील तर पिकार्डमधलं नावं भाषांतरित करायचं सेटिंग बघा.

टाइप करताना एक खास आपली भानगड आहे. 'वाऱ्यावर' मधला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ वापरून, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडाक्षराचा कोड वापरून. दिसायला सारखंच, कॉम्प्युटरच्या लेखी वेगळं, म्हणून सर्चमध्ये गाणं सापडत नाही आणि डोकं खाजवत बसायची वेळ येते. एकच कीबोर्ड ठरवा. नावांचंही तेच, ग. दि. माडगूळकर, गदिमा आणि जी. डी. असं तीन ठिकाणी लिहिलंत तर प्लेअरला तीन माणसं दिसणार.

गायक, संगीतकार, गीतकार सगळे 'आर्टिस्ट'मध्ये कोंबू नका, प्रत्येकाला वेगळं फील्ड आहे, फ्लॅकमध्ये राग आणि तालासाठीसुद्धा स्वतःचं फील्ड करता येतं. गीतरामायणाचं उदाहरण घ्या. 56 गाणी, म्हणजे एका सीडीत मावतच नाहीत, तेव्हा अल्बमचं नाव एकच ठेवा आणि डिस्क नंबर भरा, नाहीतर प्रत्येक सीडीचं पहिलं गाणं एकापाठोपाठ वाजेल. गीतकार माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके, पण आकाशवाणी पुण्यावर 1 एप्रिल 1955 पासून ते सुरू झालं तेव्हा गायक अनेक होते, तुमच्या सीडीवर एकट्या फडक्यांचा आवाज असेल तर तसंच लिहा. सालाचा घोळही इथेच होतो, प्रोग्रॅम सीडी निघाली ते साल टाकतो, 1955 हवं असेल तर मूळ तारखेच्या फील्डमध्ये टाका.

फाइलींची नावं मात्र मी रोमनमध्ये ठेवतो, देवनागरी फक्त टॅगमध्ये. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी4 फाइलसिस्टिमवर फाइलचं नाव जास्तीत जास्त 255 बाइटचं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं, काना-मात्रा धरून, म्हणजे जेमतेम 85 चिन्हं. नाट्यपदाची अख्खी पहिली ओळ, पुढे नाटकाचं नाव, पुढे गायक असं लिहायला गेलात की 'फाइल नेम टू लाँग'. शिवाय गाडीच्या स्टिरिओत बऱ्याचदा देवनागरी फॉन्टच नसतो, नुसते चौकोन दिसतात, तिथे टॅग कितीही सुधारले तरी उपयोग नाही, पेनड्राइव्हसाठी रोमन टॅगची एमपी3 कॉपी वेगळी काढायची आणि नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह ठेवायचं नाही, पेनड्राइव्हवरची फॅट32 फाइलसिस्टिम ते घेत नाही.